लाल जिभांचा वॉर्ड

एका जंगलात एक दवाखाना होता. कुठलं जंगल, ते विचारू नका बाळांनो. नाव सांगितलं तर तुमच्यापैकी कुणाचा तरी मामा तिथेच नोकरीला असायचा, आणि बोलणी मला बसायची.

दवाखाना तसा बरा होता. उंबराखाली वीस खाटा, औषधांचं एक कपाट आणि एक टेबल. टेबलाचा एक पाय आखूड होता. तो पाय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तिथल्या डॉक्टर साळूबाई. साळूबाई म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, पण मनाने भिडस्त. नदीपलीकडे राहून शिकून आलेल्या. यांना इंजेक्शनसाठी सुई शोधावी लागत नाही, अशी जंगलात थट्टा चालायची. साळूबाई ती ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या.

त्यांच्या हाताखाली वानरी सिस्टर होती. फार हुशार. दुसऱ्याला काम दिसतं, हिला ते काम टाळायची वाट दिसायची. आणि मागच्या खोलीत गोगलगाय. कुणाचा घसा दुखला की आत कापसाचा बोळा फिरवायचा आणि तो गोगलगायीकडे पाठवायचा. ती नीट बघायची, कोणते जंतू आहेत, आहेत का नाहीत, कोणत्या गोळीने मरतील, सगळं पानावर लिहायची. मग ते पान पाठीवर घेऊन साळूबाईंच्या टेबलाकडे निघायची. अंतर वीस पावलांचं. तिला दोन दिवस लागायचे. तोवर पेशंट घरी जाऊन कुणाच्या तरी बारशाला जेवत बसलेला असे.

आता घशाचं शास्त्र ऐका. घाबरू नका, एवढंसंच आहे. साळूबाईंना त्यांच्या गुरुजींनी शिकवलं होतं, की दहा घसे दुखले तर त्यातले आठ आपले आपण बरे होतात. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायच्या, गरम पेज प्यायची, तोंड बंद ठेवायचं. पाच दिवसांत काम झालं. उरलेल्या एकदोघांच्या घशात पू करणारे जंतू असतात. त्यांच्यासाठी कपाटात लाल गोळी ठेवायची. निघताना गुरुजींनी एक लहानसा डबाही दिला होता. त्यात पिवळ्या गोळ्या. गुरुजी म्हणाले होते, ज्या दिवशी लाल गोळी हात टेकेल त्या दिवशीच हा डबा उघड, आणि उघडलास हे कुणाला सांगू नकोस.

पहिलं वर्षभर साळूबाई अगदी शिकवल्यासारखं वागल्या. मग दवाखान्यात गवारेडेराव आले.

गवारेडेराव म्हणजे जंगलातलं मोठं प्रस्थ. खुराला जखम झाली म्हणून आले आणि खाटेवर पडल्या पडल्या तिसऱ्या दिवशी त्यांचा घसा दुखायला लागला. साळूबाईंनी बॅटरी लावून बघितलं. पू नाही, ताप नाही. गुळण्या सांगितल्या. गवारेडेरावांनी दोन दिवस गुळण्या केल्या. त्या आवाजाने शेजारच्या खाटेवरचा ससा दोनदा पळून गेला आणि दोनदा धरून आणावा लागला.

तिसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला त्यांचा गोतावळा आला. बावीस गवे. ते दवाखान्याभोवती गोल उभे राहिले आणि रवंथ करत साळूबाईंकडे बघत राहिले. बोलले फक्त गवारेडेराव.

"एवढा थोरला गळा, आणि त्याला औषध काय, तर मीठ. बाई, मी पेशंट आहे का लोणचं?"

साळूबाईंनी बावीस जणांकडे पाहिलं. शिंगं मोजली. मग कपाट उघडलं आणि लाल गोळी दिली.

आणि पाचव्या दिवशी घसा बरा झाला. तो पाचव्या दिवशी बरा होणारच होता हो. पण पहिले दोन दिवस गुळण्यांच्या खात्यावर कोण धरतो? जंगलभर पसरलं ते असं, की दोन दिवस नुसतं पाणी पाजून छळलं, लाल गोळी पोटात गेली आणि तीन दिवसांत माणूस उभा. माणूस म्हणजे गवा. तुम्हाला कळलं असेलच.

त्या गोळीची आणखी एक गंमत होती. ती चोखली की जीभ लालभडक व्हायची. त्यामुळे जंगलात नवीनच रीत पडली. चार वाजता नातेवाईक भेटायला आले, की कसं वाटतंय हे कुणी विचारत नसे. आधी म्हणत, जीभ दाखव. जीभ लाल असली तर औषधपाणी नीट चाललंय. नसली, तर आपल्या माणसाकडे इथे कुणी बघत नाही. मग वॉर्डात कालवा सुरू. कासवाची म्हातारी सासू तर जावयाची जीभ लाल दिसेपर्यंत खाटेखालून हलली नाही. दोन दिवस तिथेच जेवली.

साळूबाई भिडेला बळी पडत गेल्या. एकाला दिली, मग दुसऱ्याला नाही कसं म्हणायचं? आणि नाही म्हटलं की समजावून सांगा. समजावायला अर्धा तास, गोळी लिहायला अर्धं मिनिट. रोज वीस केसपेपर, वीस वेळा तेच लिहायचं. साळूबाईंचा पंजा दुखायला लागला.

ते बघून वानरी सिस्टरला दया आली. तिने एक बटाटा घेतला, मधोमध कापला आणि त्यावर नखाने अक्षरं कोरली. जांभळाच्या रसात बुडवून केसपेपरवर दाबला. छान उमटलं: 'घसा लाल. लाल गोळी, पाच दिवस.'

साळूबाई आधी रागावल्या. मग त्यांनी स्वतःच्या सुजलेल्या पंजाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, आजच्या दिवस राहू दे.

आजच्या दिवस कधी संपत नसतो, बाळांनो. शिक्का राहिला.

मग काय विचारता. कासव पाठीला तडा गेला म्हणून आलं, शिक्का. पोपट मिरच्या खाऊन आला होता, त्याचा घसा लाल नसेल तर काय हिरवा असेल? शिक्का. बेडूक भाच्याला भेटायला आला होता, खाट रिकामी दिसली म्हणून जरा टेकला, त्यालाही शिक्का. अजगराचा घसा नेमका कुठे संपतो हे सापडेना, म्हणून सिस्टरने त्याला तीन शिक्के मारले. घरी जाताना उरलेल्या गोळ्या जो तो बरोबर नेई. अस्वलाने त्या मधाच्या पोळ्याशेजारी जपून ठेवल्या आणि पुढे पाहुणे आले की एकेक दिली.

इकडे जंतूंचं काय चाललं होतं? सुरुवातीला ते पटापट मेले. पण सगळे मरत नाहीत. चार निगरगट्ट उरतात. भोळे मेले, निगरगट्ट उरले. निगरगट्टांनी पोरं काढली, ती आईबापांच्या वरताण. रोज लाल गोळी येत होती आणि ती पोरं तिच्याच अंगणात लहानाची मोठी होत होती. दवाखान्याच्या उशा, खाटा, पाणी पिण्याची वाटी, सगळीकडे त्यांचा संसार थाटला.

हे एकटीला माहीत होतं. गोगलगायीला. ती रोज पान लिहीत होती, रोज त्याच वाटेवर चालत होती. आधीच्या पानांवर असायचं, 'जंतू नाहीत.' मग येऊ लागलं, 'जंतू आहेत, लाल गोळीला दाद देत नाहीत.' पान आलं की सिस्टर ते नीट घडी घालून टेबलाच्या आखूड पायाखाली सारायची. टेबल डुगडुगायचं थांबलं. सिस्टरचं कौतुक झालं.

आणि मग टिटवी आली.

ही टिटवी पाणवठ्यावरची राखणदार. शिकारी आला, कुत्री आली, वणवा दिसला, की पहिली हाक हिची. तिच्या भरवशावर सगळं जंगल मान खाली घालून पाणी प्यायचं. साळूबाईंचा जीवही तिनेच वाचवला होता. शिकून परत येताना, पदवी मिळाल्याच्या आनंदात त्या थेट फासात पाय घालणार होत्या. टिटवी ओरडली म्हणून पाय वरच्या वर राहिला. ते साळूबाई विसरल्या नव्हत्या.

टिटवीच्या पंखाला गलोलीचा खडा लागला होता. साळूबाईंनी स्वतः पट्टी बांधली आणि तिला खिडकीजवळची खाट दिली. टिटवीची झोपायची तऱ्हा तुम्हाला ठाऊक असेल. पाय वर करून झोपते, आभाळ पडलं तर पेलायला. सिस्टर रोज कुरकुरायची, की हिच्या पायांवर चादर तंबूसारखी उभी राहते, वॉर्डाची शोभा जाते. टिटवी म्हणायची, आभाळ पडलं तर शोभा घेऊन काय करशील.

चार दिवसांनी टिटवीचा घसा दुखू लागला. सिस्टरने शिक्का मारला. साळूबाईंनी बोळा फिरवून गोगलगायीकडे पाठवला, पण सवयीने. जीभ लाल झाली. दुसऱ्या दिवशी ताप आला. तिसऱ्या दिवशी घशात पांढरे ठिपके दिसले, थुंकीही गिळवेना. जीभ मात्र लालभडक होती. टिटवीची बहीण चार वाजता आली, जीभ बघून समाधानाने परत गेली.

पाणवठ्यावर टिटवीच्या जागी घुबडाला बसवलं होतं. ते दिवसा झोपायचं. त्या आठवड्यात दोन ससे पाणी प्यायला गेले आणि आलेच नाहीत. त्यातला एक गवारेडेरावांच्या गुळण्यांना घाबरून पळणारा होता.

चौथ्या दिवशी सकाळी साळूबाई राउंडला आल्या आणि खिडकीजवळ थबकल्या. चादर सपाट होती. टिटवीने पाय खाली घेतले होते.

आभाळ पेलायचंच जिने सोडून दिलं, ती आता कशाच्या आधारावर जगणार? त्यांनी हाक मारली. टिटवीने चोच उघडली, पण आवाज निघाला नाही. सिस्टर म्हणाली, अजगरासारखे तीन शिक्के मारून बघू या का. साळूबाई टेबलाकडे गेल्या आणि खाली वाकून त्यांनी पायाखालचा गठ्ठा ओढून काढला. टेबल कलंडलं. शिक्का घरंगळत कोपऱ्यात गेला.

साळूबाई जमिनीवर बसून पानं वाचू लागल्या. जंतू नाहीत. जंतू नाहीत. नाहीत. मग पुढे, दाद देत नाहीत. दाद देत नाहीत. प्रत्येक पानावर तारीख होती, आणि त्या तारखांना आपण काय करत होतो हे साळूबाईंना पक्कं आठवत होतं. शिक्का मारत होतो. त्यांना स्वतःची लाज वाटली. इतकी, की काटे मिटून अंगाला चिकटले.

त्या उठून मागच्या खोलीकडे धावल्या. गोगलगाय खोलीत नव्हती. ती वाटेवर होती, अकराव्या पावलापाशी, पाठीवर टिटवीचं पान घेऊन.

साळूबाईंनी पान वाचलं. लाल गोळी चालत नाही. पिवळी चालेल.

"अगं, एवढं सगळं तुला ठाऊक होतं, तर बोलली का नाहीस?"

"बाई, मी रोज लिहीत होते," गोगलगाय म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाचता."

साळूबाईंनी गोगलगायीला अलगद उचललं आणि टेबलावर नेऊन ठेवलं. उरलेल्या नऊ पावलांना चार क्षण लागले. तिला उचलून आणावं, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलंच नव्हतं. गोगलगायीलाही नाही.

मग साळूबाईंनी कपाटातला गुरुजींचा डबा उघडला आणि टिटवीच्या चोचीत पिवळी गोळी विरघळवून घातली. त्या दिवशी त्या घरी गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. खाटेशेजारी बसून राहिल्या आणि चादरीकडे बघत राहिल्या. सिस्टरने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी चादर हलली. एक पाय वर आला. मग दुसरा. चादरीचा तंबू झाला आणि वॉर्डाची शोभा गेली. साळूबाई भिंतीकडे तोंड करून रडल्या. डॉक्टरांनी पेशंटसमोर रडू नये, असं गुरुजींनी शिकवलं होतं.

त्यानंतर साळूबाईंनी दवाखाना पार बदलला. शिक्क्याचा बटाटा स्वतः चिरून भाजीत टाकला. बोळा आधी, गोळी मागून, असा नियम केला. गोगलगायीला उचलून आणायच्या कामावर एक ससा नेमला. लोकांच्या जिभा पुन्हा जिभेच्या रंगाच्या दिसू लागल्या. नातेवाईक धुसफुसले, पण टिटवीची अवस्था सगळ्यांनी पाहिली होती, म्हणून गप्प बसले. आठ दिवस वॉर्डात नुसता गुळण्यांचा आवाज. साळूबाईंना तो गाण्यासारखा वाटायचा.

गोष्ट इथे संपली असती तर किती बरं झालं असतं. पण टिटवीला घरी सोडायचा दिवस आला.

तिचा आवाज परत आला होता, पहिल्यापेक्षा खणखणीत. साळूबाईंनी तिला सांगितलं, की पाणी उकळून पी, पंख जप. पिवळ्या गोळीचं कुणाला सांगू नकोस, हे मात्र सांगायचं राहिलं. ते गुरुजींनी बजावलं होतं, पण आनंदात माणूस नेमकं तेवढंच विसरतो. आनंदातच फासात पाय घालायला निघाल्या होत्या, आठवतंय ना?

टिटवी पाणवठ्यावरच्या आपल्या जुन्या दगडावर उभी राहिली. इतक्या दिवसांनी हाक द्यायची, तर पहिली हाक कुणासाठी? ती काही कृतघ्न नव्हती. जिने प्राण वाचवले तिच्यासाठी. तिने मान वर केली आणि नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"लाल गोळीने मी मेले होते. साळूबाईंनी कपाटातली पिवळी दिली, म्हणून जगले. पिवळीसारखी गोळी नाही. साळूबाईंचं भलं होवो."

साळूबाई तेव्हा बेडकाच्या घशात बोळा फिरवत होत्या. मैत्रिणीचा आवाज ऐकून त्यांचा चेहरा फुलला. पुढचं वाक्य ऐकून तो तसाच राहिला, आणि बोळा हातातून गळून बेडकाच्या पोटात गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दवाखान्यासमोर रांग लागली. पाणवठ्यापर्यंत. सगळ्यात पुढे गवारेडेराव, मागे बावीस गवे. साळूबाईंनी विचारलं, घसा दुखतोय का. गवारेडेराव म्हणाले, नाही. पण दुखायची वाट कशाला बघायची? टिटवीएवढ्या पाखराला पिवळी मिळते आणि आम्हाला मिठाचं पाणी, हा कुठला न्याय? मागून अस्वल म्हणालं, की पाहुण्यांसाठी चार जास्तीच्या द्या.

साळूबाई नाही म्हणाल्या. आणि यावेळी, बाळांनो, मनापासून म्हणाल्या. शिंगं मोजली नाहीत. गवारेडेरावांना समजावलं. बावीस गव्यांना एकेक करून समजावलं. अजगराला तीनदा समजावलं, कारण ऐकलेलं आत पोचायला त्याला वेळ लागायचा. निगरगट्ट जंतूंची गोष्ट सांगितली, टिटवीचे खाली आलेले पाय सांगितले, डब्यात किती थोड्या गोळ्या उरल्यात तेही सांगितलं. ते सांगायला नको होतं. थोड्याच आहेत म्हटल्यावर रांगेत रेटारेटी सुरू झाली.

दुपार कलली तरी साळूबाई नाहीच म्हणत होत्या. त्यांचा घसा आधी खरखरला, मग चिरकला, मग पार बसला. शेवटचं 'नाही' ओठांवर आलं, पण आवाज फुटला नाही.

गवारेडेरावांनी विचारलं, मग देताय ना?

साळूबाईंनी जोरजोरात मान हलवली. पण साळिंदराने मान हलवली की सगळे काटे सळसळतात, आणि ती मान आडवी हलतेय का उभी, हे कुणालाच कळत नाही. रांगेने थोडा वेळ वाट पाहिली. बाई काही बोलत नाहीत म्हणजे बाईंची ना नाही, असं सर्वानुमते ठरलं.

वानरी सिस्टर लगबगीने पुढे आली. तिच्या हातात एक नवाकोरा शिक्का होता, रताळ्याचा. बटाटा सुरकुततो, हे टिकतं, असं तिने साळूबाईंना मायेने समजावून सांगितलं. मग तिने कपाटातला डबा काढला आणि शिक्का हळदीच्या पाण्यात बुडवला. पहिला शिक्का साळूबाईंच्याच नावाचा मारला. म्हणाली, आधी तुम्ही घ्या बाई, तुमचाच घसा बसलाय.

साळूबाईंनी ती गोळी घेतली नाही. त्यांनी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, गरम पेज प्यायली आणि तोंड बंद ठेवलं. पाचव्या दिवशी त्यांचा घसा बरा झाला.

डबा तिसऱ्याच दिवशी रिकामा झाला होता. चार वाजताच्या भेटीला आता सगळ्या जिभा हळदीसारख्या पिवळ्या दिसत होत्या. नातेवाईक खूश होते. मागच्या खोलीतून ससा गोगलगायीला उचलून घेऊन आला. तिच्या पाठीवर नवीन पान होतं. सिस्टरने ते घेतलं, नीट घडी घातली आणि टेबलाखाली वाकली.

तात्पर्य: जीव वाचवणाऱ्याचे उपकार जरूर मानावेत, पण मनातल्या मनात. मोठ्याने मानले की पुढच्याचा जीव वाचवायला काही उरत नाही.